ग्लाम्स किल्ल्याची भुतं आणि चेटकीण नसलेली लेडी ग्लाम्स

रानजाई (धागाकर्ती)

स्कॉटलंडमध्ये सगळ्यात जास्त भुतं कुठल्या किल्ल्यात, असं इथे कुणालाही विचारलं तर पहिलं नाव ग्लाम्सचं येतं. अँगस परगण्यात, डंडीच्या उत्तरेला गाडीने अर्ध्या तासावर. शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' वाचलेल्यांना हे नाव 'ग्लॅमिस' म्हणून ठाऊक असेल. मी डंडीत राहते, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा "तो भुतांचा किल्ला दाखव" म्हणतो आणि माझी फेरी होते.

भुतांची यादी लांबलचक आहे. सैतानाबरोबर पत्ते खेळणारा दाढीवाला अर्ल (अर्ल म्हणजे तिकडचा बडा सरदार). शत्रूपासून लपायला आले आणि एका दालनात कोंडून उपाशी मारले गेले ते ओगिल्वी घराण्यातले लोक. जीभ कापलेली बाई. राणीमातेच्या (म्हणजे राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आईच्या) निजायच्या खोलीच्या दाराशी दगडी बैठकीवर बसून राहणारा लहान नोकर पोरगा. गुप्त खोलीत जन्मभर डांबलेला 'राक्षस'. आणि चॅपेलमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणारी ग्रे लेडी. धागा काढलाय तो या शेवटच्या बाईसाठी. तिची गोष्ट नेटवर जिथे बघावं तिथे चुकीची सांगितलेली असते आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

नेहमी वाचायला मिळतं ते असं, की लेडी ग्लाम्सला चेटकीण ठरवून जाळलं. तसं झालेलं नाही.

तिचं माहेरचं नाव जॅनेट डग्लस. तिचा भाऊ आर्चिबाल्ड हा अँगसचा अर्ल. राजा पाचवा जेम्स तान्हा असतानाच त्याचे वडील लढाईत पडले. आई मार्गारेट ट्यूडर हिने १५१४ मध्ये या अर्लशी दुसरं लग्न केलं. पुढे मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हा या सावत्र बापाने त्याला आपल्या ताब्यात ठेवून त्याच्या नावाने राज्य चालवलं. १५२८ मध्ये जेम्स निसटला आणि डग्लस घराण्याच्या मागे हात धुऊन लागला. अर्ल सटकला इंग्लंडला. हाताशी राहिली ती बहीण.

त्याच वर्षी जॅनेटचा नवरा, सहावा लॉर्ड ग्लाम्स, वारला. काही वर्षांनी तिच्यावर नवऱ्याला विष घातल्याचा आरोप आला. पण पंच म्हणून बसायला माणसं मिळेनात आणि खटला बारगळला. तिने स्किपनेसच्या आर्चिबाल्ड कॅम्पबेलशी दुसरा संसार मांडला. १५३७ मध्ये राजाने पुन्हा तिला पकडलं. या वेळचा आरोप होता राजालाच विष घालण्याचा कट आणि परागंदा भावांशी संधान. साक्षी मिळवण्यासाठी नोकरांचे आणि नातलगांचे हाल केले गेले. १७ जुलै १५३७ ला एडिंबरा किल्ल्यासमोरच्या टेकाडावर तिला जिवंत जाळलं, आणि कोवळ्या वयाच्या मुलाला ते उभं राहून बघायला लावलं असं सांगतात. नवरा किल्ल्याच्या कैदेतून कड्यावरून उतरून पळायला गेला, तो खाली खडकावर आपटून मेला.

आता मुद्दा बघा. आरोप राजद्रोहाचा आणि विषाचा. त्या काळी राजद्रोही बाईला जाळायचीच शिक्षा होती. स्कॉटलंडचा चेटूकविरोधी कायदा झाला १५६३ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर २६ वर्षांनी. ती डग्लस होती, एवढाच तिचा गुन्हा. तिला चेटकीण म्हटलं की हा सूड नजरेआड होतो आणि उरतो तो नुसता जुना अंधविश्वास, ज्याला कुणीच जबाबदार नाही.

चॅपेलबद्दल थोडं. खोली लहान आहे, भिंती आणि छत याकोब द वेट या डच चित्रकाराच्या चित्रांनी भरलेलं. त्यात एका चित्रात येशू टोपी घातलेला दिसतो, कारण पुनरुत्थानानंतर मेरी मॅग्डालीन त्याला माळी समजते तो प्रसंग आहे, आणि माळ्याला टोपी हवी. संत सायमनच्या नाकावर तर चश्मा आहे. ग्रे लेडीसाठी तिथली एक जागा मोकळी ठेवतात, तिथे कुणी बसत नाही. पण हे चॅपेल आजच्या रूपात सजलं १६८८ मध्ये. जॅनेट जिवंत असताना यातलं एकही चित्र नव्हतं. म्हणजे मागच्या लोकांनी तिला आपल्या काळातल्या चॅपेलमध्ये आणून बसवलंय. मला ही गोष्ट फार आवडते.

तुम्हाला माहीत असलेलं लिहा. बाकीच्या भुतांबद्दलही बोलू.

---

पाऊलवाट

सुरेख धागा! मी आजवर तिला चेटकीणच समजत होतो, आमच्या टूर गाईडनेही तेच सांगितलं होतं.

त्या राक्षसाबद्दल सविस्तर लिहा ना कुणीतरी. आम्हाला सांगितलं ते असं, की घराण्याचा थोरला वारस जन्मतःच विद्रूप होता, म्हणून तो मेल्याचं जाहीर करून त्याला गुप्त खोलीत वाढवलं. दर पिढीत वारस एकवीस वर्षांचा झाला की त्याला ती खोली दाखवायचे आणि त्या दिवसापासून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं. एकदा पाहुण्यांनी घरमालकाच्या नकळत आतून दिसेल त्या प्रत्येक खिडकीला टॉवेल बांधले आणि बाहेर जाऊन पाहिलं, तर काही खिडक्या बिनटॉवेलच्या होत्या! हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

---

बखरवाचक

रानजाई, १५६३ चा मुद्दा बिनतोड आहे. गोष्ट आधी की कायदा आधी, हे कुणी बघतच नाही.

पाऊलवाट, राक्षसाच्या गोष्टीलाही असाच सनावळीचा चिमटा लावून बघू. लोक ज्या बाळाकडे बोट दाखवतात ते म्हणजे थॉमस लायन-बोझ. आई शार्लट ग्रिमस्टेड, वडील लॉर्ड ग्लाम्स. घराण्याच्या नोंदीत हे पहिलं मूल ऑक्टोबर १८२१ मध्ये जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा झाला, त्याचंही नाव थॉमस. तो बारावा अर्ल झाला. त्याच्यामागे धाकटा भाऊ क्लॉड तेरावा अर्ल, म्हणजे राणीमातेचे आजोबा. एकच नाव दोनदा ठेवलं म्हणून संशय घेणारे आहेत. पण त्या काळी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवण्यात नवल काहीच नव्हतं.

आता दुसरं टोक. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट तरुणपणी, १७९० च्या दशकाच्या आगेमागे, ग्लाम्सला एक रात्र राहिला होता. १८३० मध्ये भुताखेतांवर आणि चेटकावर लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकात त्याने त्या रात्रीची आठवण दिली आहे. तो म्हणतो, या किल्ल्यात एक गुप्त खोली आहे आणि तिची वाट एका वेळी फक्त तिघांना ठाऊक असते: अर्ल, त्याचा वारस आणि ते विश्वासात घेतील असा तिसरा कुणी. बस्स. विद्रूप वारसाचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे गुपित आधीपासून होतं, त्याच्या पोटात राक्षस नंतर बसवला. थॉमस जन्मायच्या कितीतरी आधी जी खोली गुप्त होती ती त्याच्यासाठी गुप्त कशी असेल?

आणि खोली खरोखर होती असं मानायला जागा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरा अर्ल पॅट्रिक याने किल्ला जवळजवळ नव्याने घडवला. वारशात त्याला कर्जाचा डोंगर मिळाला होता. त्याने स्वतःच्या हाताने हिशेबाची आणि कामांची वही लिहिली, ती पुढे छापली गेली. त्यात दस्तऐवजांच्या खोलीच्या आत जमीन खणून एक कोठी करण्यासाठी गवंड्यांशी ठरवल्याची नोंद आहे. सनदा, दागिने, कठीण काळात लपवायची चीजवस्तू यांच्यासाठी अशी कोठी कुणीही शहाणा मालक करेल, आणि तिचा पत्ता घरातल्या मोजक्याच माणसांना सांगेल. आपल्याकडच्या वाड्यांमधली बळदं आणि तळघरं आठवा.

टॉवेलचं म्हणाल तर जुन्या मनोऱ्याला दोन बाजूंनी नवी बांधकामं जोडली, मजले आणि जिने हलवले, की कुठली खिडकी कुठल्या खोलीची हे आत उभं राहून सांगता येत नाही.

---

शुक्रतारा

सगळ्यांचं वाचतेय. पण मला थोडं वेगळं म्हणायचंय.

मी भूत मानते. कोकणात माझ्या आजोळी वडाखालून जाताना आजी मुंज्याला हात जोडायची आणि आम्हालाही जोडायला लावायची. त्या हात जोडण्यात भीती कमी आणि मान जास्त होता. अर्धवट आयुष्य राहिलेल्या पोराचा मान. तुम्ही सनावळ्या लावून एकेक भूत उडवून लावता तेव्हा मला वाटतं, त्या माणसाचं उरलंसुरलं असणंही काढून घेताय. ग्लाम्सच्या चॅपेलात ती मोकळी जागा ठेवतात, ते मला मुंज्याला हात जोडण्यासारखंच वाटलं.

---

रानजाई

शुक्रतारा, तुम्ही फार नेमकं लिहिलंय. माझं तुमच्याशी भांडण नाहीच. ती मोकळी जागा मलाही हवी आहे. मी फक्त एवढंच म्हणते, की जागा जिच्यासाठी ठेवली तिचं नाव आणि तिच्यावरचा आरोप नीट सांगा. मुंज्याला हात जोडताना आजीला तो कुणाचा पोरगा हे माहीत असतं ना, तसं.

आणि सगळी भुतं काही मी उडवत नाही. त्या नोकर पोराचंच बघा. गोष्ट एवढीच आहे, की त्याला घरात वाईट वागवलं आणि दाराशी बसून राहा असं फर्मावलं, तो बसूनच राहिला. बहुतेक वेळा तो काळा पोरगा होता असं सांगतात. त्याचं नाव कुणी सांगत नाही, साल नाही, कागद नाही. अठराव्या शतकात ब्रिटनमधल्या बड्या घरांत आफ्रिकेतून किंवा वसाहतींतून आणलेली लहान मुलं चाकरीला ठेवायचे, हे खरंय. हा एक मुलगा खराच होता की नव्हता हे कागदावरून ठरणार नाही. पण येणाऱ्याजाणाऱ्याला पाय आडवा घालणारा खोडकर पोर म्हणून त्याची गंमत करतात तेव्हा मला तिथून पुढे सरकावंसं वाटतं.

---

मोजपट्टी

थोडी शास्त्रीय बाजू मांडतो. ग्लाम्सचं ठाऊक नाही, पण एडिंबरात साउथ ब्रिजखालच्या तळघरांत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग केला होता, तसाच लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातही. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तळघरं अठराव्या शतकाच्या शेवटची, कमानींच्या पोटातली, दमट. लोकांना एकेकट्याने निरनिराळ्या खोल्यांत बसवलं आणि काय जाणवलं ते लिहून घेतलं. झपाटलेल्या म्हणून नाव असलेल्या खोल्यांत खरोखरच जास्त लोकांना विचित्र अनुभव आले. पण त्याचा संबंध खोलीचा आकार, छताची उंची, आतला आणि बाहेरचा उजेड अशा गोष्टींशी लागत होता.

यातून लोक खोटं बोलतात असा अर्थ मुळीच निघत नाही. अनुभव खरा असतो, आणि ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येतो. जाड दगडी भिंती, अरुंद गोल जिना, एका टोकाला उजेड आणि दुसऱ्या टोकाला काळोख, हे सगळं मध्ययुगीन किल्ल्यात आयतंच असतं. शुक्रतारा यांना चॅपेलात काही जाणवलं असेल तर त्यांनी जरूर लिहावं. वेळ, हवा, किती लोक होते, हेही लिहावं.

---

शुक्रतारा

@मोजपट्टी, मला तिथे काही दिसलं नाही. शांत वाटलं. उन्हाळ्यातली दुपार होती, आमच्या गटातले सगळे आत होते आणि टोपीवाल्या येशूचं बोलणं चाललं होतं. त्या रिकाम्या जागेच्या बाजूने सगळे आपोआप अंग चोरून गेले, तेवढं लक्षात आहे.

---

पाऊलवाट

आणि तो पत्ते खेळणारा अर्ल? तो तरी खरा आहे ना?

---

बखरवाचक

माणूस खरा आहे. 'अर्ल बिअर्डी' म्हणतात तो बहुधा अलेक्झांडर लिंडसे, क्रॉफर्डचा चौथा अर्ल. त्याला 'टायगर अर्ल' असंही म्हणत. १४५२ मध्ये ब्रेखिनच्या लढाईत हरला, राजाला शरण गेला आणि १४५३ मध्ये वारला. गोष्टीत तो रविवारी पत्ते खेळायचा हट्ट धरतो, कुणी तयार होत नाही, मग तो ओरडतो की सैतान आला तरी चालेल. दार वाजतं, एक उंच अनोळखी माणूस आत येतो, आणि अर्लचा आत्मा पणाला लागतो. तेव्हापासून जगबुडीपर्यंत खेळ चालूच. पण ग्लाम्स त्याचं घरच नव्हतं, लिंडसेंचं बिऱ्हाड होतं फिनेव्हनला. ग्लाम्स १३७२ मध्ये राजा दुसरा रॉबर्ट याने जॉन लायनला दिलं, तेव्हापासून, जॅनेटनंतरची जप्तीची काही वर्षं सोडली तर, लायन घराण्याकडेच आहे. शेजारचा दांडगट सरदार गोष्टीत या किल्ल्यात येऊन बसला. रविवारी खेळ न खेळण्याचा धर्मनियम मोडला की काय होतं हे सांगायला पाद्र्यांना अशीच गोष्ट हवी असणार, असं माझं मत.

मॅकबेथचंही तेच. खरा मॅकबेथ आणि ग्लाम्स यांचा काही संबंध नाही. डंकन राजा १०४० मध्ये लढाईत, एल्गिनजवळ मारला गेला. नाटकातला खून इन्व्हर्नेसला होतो. तरी ग्लाम्समध्ये 'डंकनचं दालन' दाखवतात. दुसऱ्या माल्कम राजाचा १०३४ मधला मृत्यू मात्र परंपरेने ग्लाम्सशी जोडलेला आहे.

---

सह्यभटक्या

मी पुण्याचा, स्कॉटलंड पाहिलेलं नाही. पण जॅनेटची हकिकत वाचताना शनिवारवाडा डोळ्यांसमोर आला. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, अठरा वर्षांचा नारायणराव, मागे गारदी, आणि 'काका मला वाचवा'. आमच्याकडे अजून सांगतात की अमावास्येला ती हाक ऐकू येते. वाड्याचं बरंचसं बांधकाम १८२८ च्या आगीत गेलं, पेशवाई गेली, हाक राहिली.

तिथेही घरातल्या सत्तेचाच वाद होता. फरक एक आहे आणि तो मला मोठा वाटतो. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावाला दोषी धरलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. जॅनेटच्या वाट्याला असा रामशास्त्री आला नाही. तिच्या वेळी न्यायाधीशाच्या मागे राजाच उभा होता.

ओगिल्वींचं वाचून दुसरं काही आठवलं. आपल्या गडांवर भिंतीत माणसं घातल्याच्या कथा कमी नाहीत. पुरंदरचा शेंदऱ्या बुरूज बांधताना पुन्हा पुन्हा खचायचा. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये दिलंय, की बेदरच्या राजाला स्वप्नात दृष्टांत झाला आणि बहिरनाक सोननाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात जिवंत पुरलं. येसाजी नाईक चिव्ह्याला गड मिळाला, बहिरनाकाला गावं मिळाली. महार घरातली ही नवराबायको. बुरूज बघायला जाणाऱ्या दहाजणांना विचारा, ही दोन नावं किती जणांना ठाऊक असतात?

---

रानजाई

सह्यभटक्या, नाथनाक आणि देवकाईची नावं इथे आली, फार बरं झालं. ओगिल्वींच्या गोष्टीत एकाचंही नाव नाही, 'पुष्कळ ओगिल्वी' एवढंच. आपल्याकडे निदान नावं टिकली.

रामशास्त्र्यांच्या मुद्द्यावरून जॅनेटच्या पुढचं सांगते, कारण तिथे थोडा न्याय आहे. तिला जाळल्यावर ग्लाम्स जप्त झालं आणि पाचवा जेम्स स्वतः तिथे दरबार घेऊन राहू लागला. तिच्या मुलालाही देहान्ताची शिक्षा झाली होती, पण वयात येईपर्यंत थांबायचं म्हणून त्याला कैदेत ठेवलं. १५४२ च्या डिसेंबरात जेम्सच वारला. मुलगा सुटला, आणि १५४३ मध्ये पार्लमेंटने जप्ती रद्द करून किल्ला त्याला परत दिला. आज तिथे राहणारे त्याचेच वंशज. राणीमाता लहानपणी इथेच वावरली आणि राजकन्या मार्गारेटचा जन्मही इथलाच, २१ ऑगस्ट १९३०.

म्हणजे जिचं नाव पुसायला राजा निघाला होता, तिच्याच वंशातली मुलगी ब्रिटनची राणी झाली. ग्रे लेडीची गोष्ट सांगताना गाईडनी हे सांगितलं तर ती कमी रंगतदार होईल का? मला तर वाटतं दुपटीने रंगेल.

---

पाऊलवाट

शंभर टक्के सहमत. पुढच्या वेळी गाईडला १५६३ सांगणारच!

---

शुक्रतारा

रानजाई, हे वाचून बरं वाटलं. मी भूत मानणं सोडणार नाही, पण यापुढे तिला जॅनेट म्हणेन.

सह्यभटक्या दादा, पुरंदरच्या बुरुजावर वेगळा धागा काढाल का? नाथनाक आणि देवकाईंबद्दल गावात आजही काही सांगतात का, तिथे दिवा वगैरे लावतात का, हे वाचायचंय.

---

सह्यभटक्या

काढतो. आधी पायथ्याच्या गावातल्या जुन्या माणसांशी बोलून घेतो, मग लिहितो. बखरवाचक, गॅझेटियरखेरीज कुठे हा उल्लेख असेल तर तिथे नक्की टाका.